तू कोणालाही फोन केला नव्हतास

आत्या,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. करोल बागेतल्या तुझ्या घरी लोक येऊन गेले आणि जवळजवळ प्रत्येकजण उठताना एकच बोलला: कुमुदताई फार सरळ बाई, पोटात एक आणि ओठांत एक असं त्यांचं कधी नव्हतं. मी हात जोडून मान हलवत होतो. पटत मात्र नव्हतं. बावीस वर्षं मी तुझ्यावर एका गोष्टीचा संशय घेत आलो. तुला तो चांगला ठाऊक होता, कारण तुझ्याच समोर बसून, तुझ्याच हातचा चहा पीत मी तो कितीदा तरी बोलून दाखवला होता.

संशय साधा होता. माझी पहिली नोकरी मला माझ्या बी.ए.ने मिळवून दिली, असं तू सगळ्यांना सांगायचीस. मला वाटायचं, ती तू मिळवून दिलीस.

बारावीनंतर बाबांनी माझ्यासाठी इंजिनिअरिंगचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता. ते स्वतः सरकारी कंपनीत इंजिनिअर. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचा, खालच्या मजल्यावरचा, समोरचा, प्रत्येक मुलगा इंजिनिअरच व्हायचा होता. त्या रविवारी तू दोन बस बदलून आलीस, पदराने घाम पुसलास आणि बसायच्या आधीच म्हणालीस, "दादा, समीरला इतिहास आवडतो. त्याला बी.ए. करू दे."

"करून काय करेल?"

"वाचायला शिकेल."

"वाचता त्याला आत्ताही येतं."

"नाही येत. तुलाही नाही येत."

बाबा हसले नाहीत. "तुमच्या कॉलेजात मुलं कमी पडत असतील," एवढंच ते म्हणाले. तू इतिहास शिकवायचीस, त्यामुळे ते तुला जिथे लागायचं तिथेच लागलं. आज कबूल करतो, क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं. दुकानदार आपल्याच मालाची तारीफ करणार. तरी मी इतिहासच घेतला. तुझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. मला गणिताची भीती वाटायची म्हणून. हे तुला मी कधीच सांगितलं नाही.

पुढची तीन वर्षं दर शनिवारी मी तुझ्याकडे जेवायला यायचो. एकदा तू तुमच्या सोसायटीची हिंदीतली एक नोटीस माझ्या पुढ्यात ठेवलीस. तांत्रिक कारणांमुळे दोन दिवस पाणी येणार नाही, सभासदांनी सहकार्य करावं, एवढाच मजकूर. तू विचारलंस, "हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? आणि यात कोण गायब आहे?"

मी म्हटलं, "पाणी गायब आहे."

तू हसलीस, पण सोडलं नाहीस. "तांत्रिक कारण म्हणजे काय? मोटर जळली. मोटर का जळली? तिची दुरुस्ती करायचं कोणाकडे होतं? त्याचं नाव कुठे आहे?" नोटिशीखाली सेक्रेटरीची सही होती आणि नोटिशीत नेमका सेक्रेटरीच नव्हता. तू म्हणालीस, "राजांचे हुकूमही असेच वाचायचे असतात." मला तेव्हा गंमत वाटली. मग मी तुझ्याकडची प्रत्येक चिठ्ठी, वर्तमानपत्रातली प्रत्येक जाहिरात तशी वाचायला लागलो. पुढे तूही त्यातून सुटणार नव्हतीस, हे त्या दिवशी तुझ्या लक्षात आलं नसावं.

बी.ए. झालं आणि एक वर्ष मी घरी बसलो. सहा ठिकाणी मुलाखती दिल्या, सहाही ठिकाणी नकार. एका ठिकाणी तर समोरच्या माणसाने माझा अर्ज उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही असेल म्हणून. बाबांनी मला काही म्हटलं नाही. ते तुझ्याशी बोलायचे थांबले. राखीला तू आलीस तेव्हा त्यांनी हात पुढे केला, राखी बांधून घेतली आणि आतल्या खोलीत निघून गेले.

मग कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. वॉशिंग मशीन विकणारी कंपनी, तक्रार विभागात सहा महिन्यांची कच्ची नोकरी. मुलाखत मल्होत्रा नावाच्या साहेबांनी घेतली. त्यांनी मला तीन तक्रारपत्रं वाचायला दिली आणि यांतलं कोणतं खोटं वाटतं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ठेवून घेतलं. मी उड्या मारत तुझ्याकडे आलो आणि तू म्हणालीस, "बघ. वाचता येतं की नाही?"

त्या नोकरीत पुढे जे झालं ते तू इतक्या लोकांना सांगितलंस, की तुला भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांना ते पाठ होतं. आमच्याकडे दुरुस्तीच्या तक्रारी साठल्या होत्या. दुरुस्तीचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि त्याच्या माणसांच्या अहवालांत सारखं लिहिलेलं असायचं: ग्राहक घर पर नहीं मिले. मोठी पदवी घेऊन आलेल्या एका सहकाऱ्याने यावर एक देखणा तक्ता केला होता. लोक नोकरीला जातात, घरी सापडत नाहीत, तेव्हा आपण रविवारी माणसं पाठवू या, असा त्याचा सल्ला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्याकडे मात्र शाहदऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाईंचं पत्र आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, मी दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, शेजारीण दिवसभर सोबतीला असते, दरवाजा उघडाच असतो, तीन महिने तुमच्या माणसाची वाट पाहते आहे. त्यांच्या नावाचा अहवाल मी काढला. ग्राहक घर पर नहीं मिले. चार वेळा. मग मी त्यांतल्या एका दिवसाचे बाकीचे अहवाल काढले. सगळे एकाच हाताने, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखे. माणसं कोणाच्या दारात गेलीच नव्हती. आठवडाभर कागद जुळवून मी ते वरच्या साहेबांपुढे ठेवलं. ठेकेदार बदलला, बाईंचं मशीन दुरुस्त झालं आणि माझी नोकरी पक्की झाली. मल्होत्रासाहेब तोवर दुसऱ्या शाखेत गेले होते.

तू फोनवर रडलीस. मी म्हटलं, "आत्या, यात बी.ए. कुठे आलं? ते पत्र माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या टेबलावर पडलं असतं तर?"

"आधी पडलंच नसेल कशावरून? त्यांनी वाचलं नाही."

हे उत्तर मला तेव्हाही पुरलं नाही, आजही पुरत नाही. ते पत्र सुताराच्या मुलीने, गणिताच्या मास्तराने, कोणीही नीट वाचलं असतं तर त्यालाही तेच दिसलं असतं. तू प्रत्येक यशाच्या मागे पदवी उभी करायचीस, आणि मला तिच्या आड कोणीतरी लपलेलं दिसायचं.

ते कोण, हे त्यानंतरच्या दिवाळीत कळल्यासारखं वाटलं. तुझ्याकडे फराळाला तुझ्या कॉलेजातल्या हिंदीच्या मॅडम आल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अरे, तू वहीं है ना, जहाँ पहले मल्होत्रा जी थे?" मल्होत्रा जी म्हणजे त्यांचे यजमान. मी तुझ्याकडे पाहिलं. तू ताट उचललंस आणि म्हणालीस, "चकली लीजिए ना, ठंडी हो जाएगी." चकली कधी थंड होते का गं?

त्या दिवसापासून मी विचारत राहिलो, तू मल्होत्रांना फोन केला होतास का? आणि तू प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचीस, "मी कोणालाही फोन केला नव्हता, समीर." कधी हसून, कधी चिडून. एकदा बाबांसमोर. ते तोवर तुझ्याशी पुन्हा बोलायला लागले होते. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ दे ना यार, मिळाली ना नोकरी." बाबा गेले तेव्हाही त्यांचा समज होता की तूच जिंकलीस.

आज मी नोएडात एका कंपनीत माणसं निवडण्याचं काम करतो. दिवसाला ढिगाने अर्ज वाचतो. लिबरल आर्ट्स शिकून आलेल्या प्रत्येक मुलाच्या अर्जात तेच तीन शब्द: क्रिटिकल थिंकिंग, कम्युनिकेशन, टीमवर्क. मी म्हणतो, एक उदाहरण सांगा. ही कौशल्यं कुठल्याही कामाला लावता येतात, असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं. कुठे लावली, हे विचारलं की हात रिकामे. तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "तू त्यांना उदाहरण विचारतोस, बरोबर आहे. तेच इंजिनिअरला का विचारत नाहीस?" इंजिनिअरला खरंच मी कधी विचारलं नव्हतं.

आणि मग सानिकाने या वर्षी तेच सुरू केलं. माझी मुलगी, सतरा वर्षांची, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी चांगली, आणि म्हणते इतिहास. तिने एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत पुस्तक आणलं. त्यात हिरवळीवर बसून हसणारी मुलं आणि खाली लिहिलेलं, आमचे विद्यार्थी कुठल्याही क्षेत्रात चमकतात. मी ते तुझ्याकडे घेऊन आलो. मला वाटलं, तू तिची बाजू घेशील. तू चष्मा लावून सगळी पानं पाहिलीस आणि सानिकाला म्हणालीस, "इथे जायचं नाही. यांना उत्तर आधीच ठाऊक आहे." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "पण इतिहास घेऊ दे तिला. साध्या कॉलेजात."

तेव्हा तुझं हृदय थकलेलं होतं. हॉस्पिटलमधून घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. ती आपली शेवटची भेट. सानिका स्वयंपाकघरात चहा करत होती. मी खुर्ची तुझ्या पलंगाजवळ ओढली आणि म्हटलं, "आत्या, माझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मला फक्त खरं सांग. मग मी तिच्या मधे येणार नाही. तू फोन केला होतास?"

"नाही केला."

"शपथ?"

तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "शपथ. मी कोणालाही फोन केला नव्हता."

"मला नाही खरं वाटत," मी म्हटलं आणि उठलो. सानिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला म्हटलं, चल. तिने ट्रे तुझ्या टेबलावर ठेवला, तुझ्या गालाला हात लावला आणि माझ्यामागे आली. गुरुवारी सकाळी शेजारणीचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात एका मुलाला विचारत होतो, उदाहरण सांगा.

तेराव्या दिवशी मल्होत्रासाहेब आले. काठी टेकत, दम खात, दोन जिने चढून. त्यांच्या मिसेस आता अंथरुणावर असतात, म्हणून एकटेच आले होते. त्यांना पाणी दिलं. लोक पांगेपर्यंत थांबलो आणि मग शेजारी बसून विचारलं, "सर, एक बात बहुत साल से पूछनी थी. मेरे इंटरव्यू से पहले आत्या ने आपको फोन किया था?"

"फोन?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नहीं बेटा. फोन तो उन्होंने कभी नहीं किया."

आत्या, मला त्या क्षणी जमिनीत शिरावंसं वाटलं. मरायला टेकलेल्या बाईला मी शपथ घ्यायला लावली होती आणि ती खरं बोलत होती. तुझ्या रिकाम्या पलंगाकडे मला बघवेना. मल्होत्रासाहेब सावकाश पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "घर आई थीं."

जूनच्या दुपारी आली होतीस तू. बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. सोफ्याच्या कडेला बसलीस, असं ते म्हणाले, जसं कोणी लगेच उठायचंच आहे म्हणून बसतं. लडके को छह जगह से ना हो चुकी है, म्हणालीस. भाई बात नहीं करता. त्यांनी सांगितलं, मी मुलाखतीला बोलावेन, पुढे तो आणि त्याचं नशीब. आणि निघताना दारात उभं राहून तू त्यांच्या मिसेसना विचारलंस, "मैंने उसकी ज़िंदगी खराब तो नहीं कर दी?"

म्हणजे मी बावीस वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होतो. आणि तू, या वाक्यात कोण गायब आहे हे मला शिकवणारी, दर वेळी तंतोतंत खरं वाक्य माझ्या हातात ठेवत होतीस. मी अनोळखी बाईचं पत्र वाचलं आणि ठेकेदार पकडला. तुझं एक वाक्य मला वाचता आलं नाही. मला हसू आलं, आत्या. तुझ्या तेराव्याला, मल्होत्रासाहेबांसमोर, मी हसलो आणि मग ते हसू आवरेना म्हणून आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा आणखी एक प्रश्न विचारला. विचारायला नको होता. "सर, मैं सच में सबसे अच्छा था?"

ते भले गृहस्थ आहेत, सुतकाच्या घरात कोणी खरं बोलत नाही. तरी ते बोलले. "तुम अच्छे थे. एक लड़की भी थी. वो भी अच्छी थी. शायद थोड़ी ज़्यादा." तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं.

मला ती आठवली. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती, इंग्लिश घेऊन बी.ए. झालेली. तिने मला हळूच विचारलं होतं, "तुम्हारा कौन है यहाँ?" मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "कोई नहीं." ती म्हणाली होती, "मेरा भी." तीही वाचायला शिकलेली होती, आत्या. तिच्या पदवीतही तेच सगळं असणार जे माझ्या पदवीत होतं. तिच्यासाठी जूनच्या उन्हात लाडू घेऊन कोणी गेलं नव्हतं. तुझ्या गोष्टीत ती कुठेच नव्हती. माझ्याही नव्हती.

तेव्हापासून मी तुझ्यावर रागावतो आणि मग राग टिकत नाही. तू माझ्यासाठी कोणापुढे तरी सोफ्याच्या कडेला बसलीस, जी कॉलेजात प्राचार्यांसमोरही पाठ टेकून बसायचीस. तुझा स्वतःच्या शिकवण्यावरचा विश्वास त्या दुपारी डळमळला होता आणि तू ते मला दिसू दिलं नाहीस. मला तुझा अभिमान वाटावा, स्वतःचा वाटावा, म्हणून तू एवढी वर्षं एक वाक्य सांभाळलंस. पण तू घाबरली होतीस, हे मला सांगितलं असतंस, तर तुझ्या बाकीच्या बोलण्यावर मी जास्त विश्वास ठेवला असता गं. खात्री असलेल्या माणसांचाच मला संशय येतो. ते तूच शिकवलंस.

परवा सकाळी सानिकाला सगळं सांगितलं. मल्होत्रा, लाडू, ती मुलगी, सगळं. ती म्हणाली, "म्हणजे आत्याआजी खोटं बोलली?"

"नाही. अर्धं खरं बोलली."

"अच्छा. आणि डिग्रीचा उपयोग झाला की नाही?"

मी म्हटलं, "दारातून आत जायला नाही झाला. आत टिकायला झाला."

"बाबा, हे तू त्या गुळगुळीत पुस्तकासारखं बोलतोयस."

खरंच होतं. मग मी तिला सरळ सांगितलं, की मला माहीत नाही. रोज अर्ज वाचतो तरी मला माहीत नाही. मला तिच्यासाठी भीती वाटते, आणि मी तिला अडवत होतो ते याच भीतीने, कुठल्या शहाणपणाने नाही. ती म्हणाली, "भीती तर मलाही वाटते. बिल्कुल वाटते." मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. अर्जात पहिल्या पसंतीला इतिहास भरलेला होता, दिल्लीतल्याच एका साध्या कॉलेजात. मी नावाचं स्पेलिंग तपासलं, जन्मतारीख तपासली.

"नोकरी नाही मिळाली तर तू कोणाच्या घरी जाशील?" तिने विचारलं.

मी विचार केला. त्या बाकावरच्या मुलीचा केला, तुझा केला. "जाईन बहुतेक," मी म्हटलं. "जाऊ नये, तरी जाईन. पण तुला आधी सांगेन."

"मग मी नको म्हणेन."

"मग मी नाही जाणार."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मी खरं बोलतोय का ते तपासत. विश्वास बसला असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने अर्ज पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि पाठवून दिला.